स्वस्त लॉजमधील खोली आणि ढेकणाचा प्रश्न

क्षेत्रकार्यास निघालेला संशोधक विद्यार्थी रात्री उशिरा एखाद्या तालुक्याच्या गावी पोचतो, बसस्थानकासमोरील स्वस्त लॉजमध्ये खोली घेतो आणि ती स्वच्छ आहे की नाही, याचा निर्णय बहुधा चादरीकडे पाहून करतो. हा निकष फसवा आहे. चादर रोज बदलता येते. गादी मात्र वर्षानुवर्षे तीच असते, आणि ढेकणाचे बिऱ्हाड गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यांत व भिंतीच्या भेगांत असते.

मनुष्याच्या वस्तीत आढळणाऱ्या ढेकणाच्या जाती मुख्यतः दोन : समशीतोष्ण प्रदेशातील सायमेक्स लेक्ट्युलेरियस आणि उष्ण प्रदेशातील सायमेक्स हेमिप्टेरस. दोहोंनाही उडता येत नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू प्रौढ होईपर्यंत पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्यास आधी रक्त मिळावे लागते. रक्तप्राशन काही मिनिटांत आटोपते. उरलेला सारा काळ हा कीटक लपून काढतो. उपाशी राहण्याची त्याची शक्ती महिन्यांनी मोजावी लागते. त्यामुळे खोली काही आठवडे रिकामी होती, हे व्यवस्थापकाचे आश्वासन निरर्थक ठरते. ढेकणामुळे मनुष्यास रोग जडतो असे सिद्ध झालेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. अर्थात् रात्रभर अंग खाजविणाऱ्यास त्याचे समाधान कितपत वाटेल, हा प्रश्न वेगळा.

म्हणून खोलीत शिरताच पिशवी पलंगावर न टाकता न्हाणीघरात ठेवावी, आणि मोबाइलच्या प्रकाशात गादीचे कोपरे, शिवणी व पलंगाच्या डोक्याकडील फळीची मागील बाजू तपासावी. शाईच्या थेंबासारखे काळे ठिपके ही ढेकणाची विष्ठा होय; ओल्या बोटाने ते पसरतात. टाकलेली कात किंवा जिवंत कीटक दिसल्यास खोली बदलून मागावी. मात्र लगतची किंवा नेमकी वरखालची नको, कारण भिंतीतील फटींतून व नळांच्या कडेने ढेकूण पलीकडे जातात.

घरी परतताना ढेकूण सामानाबरोबर कसा येतो, याविषयी शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग उद्बोधक आहे. खोलीत मनुष्य नसताना स्वच्छ व वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्या ठेवल्या असता वापरलेल्या कपड्यांकडे सुमारे दुप्पट ढेकूण जमले. मनुष्याचा गंध कपड्यांत मागे राहतो, तोच त्यांना पुरतो. तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात पडलेला मळक्या कपड्यांचा ढीग म्हणजे ढेकणास दिलेले आमंत्रणच. असे कपडे तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि परतल्यावर वसतिगृहाच्या खोलीत नेण्यापूर्वी कढत पाण्यात धुवावेत. सुमारे ५० अंश सेल्सियसच्या वरची उष्णता आतपर्यंत पोचून काही काळ टिकली, तर अंडीही मरतात. पलंगाच्या सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची जुन्या घरांतील रीत त्या दृष्टीने शास्त्रशुद्धच होती. बंद सुटकेस उन्हात ठेवून मात्र तसा भरवसा धरता येत नाही.

फवारणीचा इतिहास याउलट निराशाजनक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकणाचा बीमोड होईल असे वाटत होते. परंतु १९४७ च्या सुमारासच हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले. पुढे पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांचीही हीच गत झाली. लॉजच्या नोकराने सायंकाळी मारलेल्या फवाऱ्याने खोलीत वास दरवळतो, पण गादीच्या शिवणीतील ढेकूण बहुधा जागेवरच राहतो.

तक्रार करावयाची झाल्यास डागांची छायाचित्रे खोली सोडण्यापूर्वीच घ्यावीत व पावती जपून ठेवावी. १८६७ च्या सराय कायद्यानेही खोल्या स्वच्छ ठेवण्याचे कर्तव्य सराय चालविणाऱ्यावर टाकले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते; तेथे अंगावरच्या गांधींपेक्षा गादीचे छायाचित्र अधिक उपयोगी पडते, कारण गांधी डासांच्याही असू शकतात.