धरणाखालचे पाणी उन्हाळ्यात कोमट का नसते?
बाहेर चाळीस अंशांचे ऊन असले की धरणातून सुटणारे पाणीही कोमटच असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ॲरिझोनातील ग्लेन कॅनियन धरणाखाली, लीज फेरीला, थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी उन्हाळ्यातही फ्लाय फिशिंग (गळाला पिसा-दोऱ्याचा नकली किडा बांधून मासेमारी) चालते. कारण खोल जलाशयात तापस्तरण (ऊबदार, हलके पाणी वर आणि गार, जड पाणी खाली राहणे) होते. मे महिन्यात विहिरीत सूर मारणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. वर पाणी कोमट, खाली शहारा. धरणातले वीजनिर्मितीचे नळ पाणी खोलातून ओढतात.

मात्र नळांची उंची ठरलेली असते, जलाशयाची पातळी नव्हे. 2022 मध्ये या धरणाचा जलाशय, लेक पॉवेल, इतका आटला की वरचा ऊबदार थर नळांजवळ आला आणि खालची नदी तापली. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. साधारण वीस अंशांपुढे, गळाला झुंजून दमलेला ट्राउट सोडून दिला तरी जगेलच असे नाही. म्हणून गळाआधी तापमापक पाण्यात टाकावा. विसर्गाचे वेळापत्रकही पाहावे: एसींमुळे विजेची मागणी वाढली की पाणी चढते, आणि नदीत उभ्या माणसाला ते उशिरा कळते.