जर्मन शिकू पाहणारी मुलगी

आमच्या शाळेतून उत्तीर्ण झालेल्या एका मुलीने विद्यापीठात जर्मन भाषा व संस्कृती हा विषय घ्यावयाचे ठरविले, तेव्हा तिचे वडील आमच्याकडे आले. "सर, या भाषेचा आपल्या घराशी काय संबंध?" हा त्यांचा प्रश्न.

संबंध जुना आहे. विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनमध्ये शिकून आले आणि १९२५ पासून भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. रा. ना. दांडेकरांनी १९३८ साली हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळविली. मुलीचेच उदाहरण हवे, तर इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या होत्या. आणि आपल्या इंदूरचा माणिकबाग राजवाडा? त्याचे वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस बर्लिनचेच.

शिवाय मराठी मुलाला तेथे एक गोष्ट आयती लाभते: नपुंसकलिंग. हिंदीत ते नाही. म्हणून इकडची आपली मुले 'ते पुस्तक' न म्हणता 'ती पुस्तक' म्हणून जातात. (घरी कानावर पडते तेवढेच त्यांचे मराठी.) जर्मनमध्ये मात्र सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी, तेव्हा घोकंपट्टी चुकत नाही!

आम्हीही एम.ए. करताना जर्मनचे पुस्तक आणले होते. तीन महिन्यांत ते फडताळात गेले. संशोधनग्रंथांच्या तळटीपांतील जर्मन मजकूर आम्हांस आजही मुकाच आहे. हेही आम्ही त्यांना सांगितले. नोकरीची हमी मात्र दिली नाही. देणे शक्यही नव्हते. ते बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मुलीचा अर्ज गेला.