डॅशबोर्ड हिरवा आहे म्हणून सर्व्हर ठीक आहे, असं नाही

"क्लाउडवर रेडिमेड मॉनिटरिंग चढवलंय, काही झालं तर मेसेज येईलच." टॅली क्लाउडवर नेलेले उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधले व्यापारी असोत, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतले कारखानदार असोत किंवा बदलापूरला घरी बसून चार कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारी मुलं असोत, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. आणि मेसेज येत नाही. सकाळी बिल निघेना झालं की मगच कळतं, सर्व्हरची डिस्क रात्रीच भरली होती.

झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ. ते मोफत आहे आणि त्याची तयार इमेज मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे मिळते. लाटवियाच्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी ते २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. इमेज निवडली, बटण दाबलं की थोड्याच वेळात लॉगिनचं पान समोर येतं. आत आलेख, घड्याळ, सगळं हिरवंगार. आता होस्टची यादी उघडा. तिथे एकच ओळ दिसेल: ‘झॅबिक्स सर्व्हर’, पत्ता १२७.०.०.१. म्हणजे ही यंत्रणा फक्त स्वतःची नाडी बघत बसली आहे. तुमचा टॅलीचा सर्व्हर, डेटाबेस, वेबसाइट यांचा तिला पत्ताच नाही. वॉचमन नेमला, पण कोणतं गोदाम राखायचं ते सांगितलंच नाही, अशी ही गत. प्रत्येक सर्व्हरवर एजंट (आतली मोजमापं कळवणारा छोटा प्रोग्राम) बसवणं, झॅबिक्समध्ये त्या सर्व्हरला टेम्प्लेट (काय मोजायचं याची तयार यादी) जोडणं, फायरवॉलमध्ये १००५० आणि १००५१ यांपैकी लागेल तो पोर्ट फक्त ठरलेल्या पत्त्यांसाठी उघडणं हे तुमचंच काम आहे.

याहून संतापजनक गोष्ट पुढे आहे. अलर्ट पाठवण्याचा नियम झॅबिक्समध्ये तयार असतो, पण बंद ठेवलेला असतो! तो चालू करा, ईमेलचा तपशील भरा, वापरकर्त्यापुढे त्याचा पत्ता टाका. इतकं करूनही ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या सर्व्हरवरून मेल अडकू शकतो, कारण स्पॅम रोखण्यासाठी तिथे २५ नंबरचा पोर्ट मुळातच अडवलेला असतो. मेल ५८७वरून लॉगिनसह पाठवा किंवा टेलिग्राम जोडा. मग कामाच्या दिवशी, सगळ्यांना सांगून, एखादी कमी महत्त्वाची सेवा मुद्दाम बंद करा आणि फोन वाजतो का बघा. ही चाचणी न करताच "बसवून झालं" म्हणणाऱ्याचं बिल चुकतं करू नका. तयार अप्लायन्स (सगळं आधीच बसवलेलं झॅबिक्स) हे चाचपणीसाठी आहे, गंभीर प्रत्यक्ष वापरासाठी नाही, असं खुद्द झॅबिक्सच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. विश्वास बसत नसेल तर उघडून वाचा.

बरं, सगळं जोडलं तरी शांततेवर भरवसा ठेवता येत नाही. सीपीयू ९० टक्क्यांवर गेला तर कळवा, असा नियम केला आणि एजंटच बंद पडला, तर आकडा येणारच नाही आणि नियमही पेटणार नाही. त्यासाठी ‘इतकी मिनिटं काहीच आलं नाही तर ओरड’ असा वेगळा नियम लागतो. झॅबिक्समध्ये त्याला नोडेटा म्हणतात. कारखान्यातली यंत्रं ब्रॉडबँडच्या राउटरमागे असतात, तिथे क्लाउडला बाहेरून शिरता येत नाही. म्हणून आतून माहिती गोळा करून क्लाउडला पाठवणारा एक प्रॉक्सी तिथे ठेवायचा. लाइन तुटली की तो माहिती साठवून ठेवतो, पण मूळ सेटिंगनुसार एकच तास. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो पुरत नाही, वाढवून घ्या. अलर्टही एकाच माणसाला नको. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. अशा दिवशी सर्व्हरवाला पाण्यापलीकडे असेल तर दुसऱ्या कोणाचा तरी फोन वाजायला हवा.

आणि पहारा सर्व्हरच्याच घरात ठेवू नका. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची व्हर्जिनियातली एस३ साठवण सेवा कोलमडली. सेवा ठीक आहेत की नाहीत ते दाखवणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या फलकाचं नियंत्रणही एस३वरच अवलंबून होतं, त्यामुळे काही तास तो बदलताच आला नाही. ॲमेझॉनने हे आपल्या अहवालात स्वतः लिहिलं आहे. निदान एक साधी तपासणी दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून चालू ठेवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"क्लाउड कंपनी बघतेच की." ईसी२चं मूळ मोजमाप रॅम आणि डिस्क किती भरली हे सांगत नाही, त्यासाठी आत एजंट लागतो.

"मोफत आहे, खर्च शून्य." सॉफ्टवेअर मोफत, सर्व्हर, डिस्क आणि बाहेर जाणारा डेटा यांचं बिल दर महिन्याला येतं.

"पासवर्ड नंतर बदलू." हाताने बसवलेल्या झॅबिक्सचं पहिलं लॉगिन ‘ॲडमिन’ आणि पासवर्ड ‘झॅबिक्स’ हे मार्गदर्शिकेतच छापलेलं आहे. ते जगाला ठाऊक आहे.

"आपण छोटे, आपल्याला नियम नाहीत." केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे, म्हणजे सर्ट-इनचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत: सायबर घटना ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे. लघुउद्योगांना दिलेली सवलत २५ सप्टेंबर २०२२ ला संपली.

"सर्व्हर मुंबईत, म्हणजे घड्याळ आपलं." ईसी२ मुळात यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. रात्री २ ला झालेला बिघाड लॉगमध्ये आदल्या तारखेला २०:३० वाजता दिसेल.