दडवलेला रिपोर्ट आणि 'पॅटर्न' म्हणजे नक्की काय

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला टेबलाखालून सरकवलेलं पाकीट आठवतं. आज ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे, त्यात पाकीट कुठेच नाही. आहे तो प्रयोगशाळेचा एक कागद, जो वेळेवर समोर आलाच नाही.

शहर न्यू ऑर्लिन्स. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातलं, मिसिसिपीच्या मुखाजवळचं बंदर. डिसेंबर १९८४ मध्ये तिथे एक खून झाला आणि जॉन थॉम्पसन या २२ वर्षांच्या तरुणाला अटक झाली. पेपरात त्याचा फोटो आला. तो पाहून त्याच महिन्यातल्या लुटीच्या एका प्रयत्नातल्या मुलांनी सांगितलं, 'हाच तो.' (ओळखपरेडच्या आधी फोटो बघितलेला! आपल्याकडे ब्लाइंडिंग कशासाठी करतात ते इथे कळतं.)

सरकारी वकिलांनी लुटीचा खटला आधी चालवला. त्यात १९८५ मध्ये शिक्षा झाली. डोक्यावर हा गुन्हा असल्यामुळे खुनाच्या खटल्यात थॉम्पसन स्वतःच्या बचावासाठी साक्षीला उभाच राहिला नाही. फाशीची शिक्षा मागतानाही तोच गुन्हा पुढे केला गेला. म्हणजे सगळा डोलारा पहिल्या निकालावर उभा.

आता गंमत बघा. लुटीच्या झटापटीत लुटारूचं रक्त एका मुलाच्या पँटला लागलं होतं. त्या कापडाचा तुकडा वकिलांनीच तपासायला पाठवला होता. रिपोर्ट खटल्याच्या दोन दिवस आधी आला : रक्तगट बी. तो बचाव पक्षाला दिला गेला नाही आणि कापडही कोर्टात पोचलं नाही. थॉम्पसनचा गट ओ आहे, हे तेव्हा कुणी तपासल्याची नोंद नाही.

इथे जरा थांबू. अमेरिकेत ओ गटाचे लोक साधारण ४५ टक्के आहेत. रिपोर्टमध्ये 'ओ' आलं असतं तर थॉम्पसनविरुद्ध फारसं काही सिद्ध झालं नसतं, कारण शहरातले हजारो लोक त्यात बसले असते. पण 'बी' आलं म्हटल्यावर तो एका फटक्यात बाहेर. ओ गटाच्या माणसाच्या लाल पेशींवर बी प्रतिजन नसतो, विषय संपला. अट एकच : डाग लुटारूचाच असायला हवा. जुळणं आणि न जुळणं यांचं वजन सारखं नसतं. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला हे आपण पाठ करतो, इथे त्यावर एक जीव टांगलेला होता.

१९९९ मध्ये, फाशीला काही आठवडे उरले असताना, बचाव पक्षाच्या तपासनीसाला तो रिपोर्ट मायक्रोफिल्मवर सापडला. हा पुरावा दडवणाऱ्या वकिलाने कर्करोगाने मरण्याआधी, १९९४ मध्येच, एका सहकाऱ्यापाशी कबुली दिली होती, हेही मग उघड झालं. तो सहकारी पाच वर्षं गप्प होता! लुटीची शिक्षा रद्द झाली. २००३ मध्ये खुनाचा खटला पुन्हा चालला आणि ज्यूरीने ३५ मिनिटांत थॉम्पसनला निर्दोष सोडलं. एव्हाना १८ वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली १४ फाशीच्या कोठडीत. भरपाई म्हणून दुसऱ्या एका ज्यूरीने १ कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही भरपाई रद्द केली. वकिलांना प्रशिक्षण न दिल्याबद्दल कार्यालयाला जबाबदार धरायचं, तर एरवी तशाच उल्लंघनांचा पॅटर्न दाखवावा लागतो, आणि एका केसवरून तो दिसत नाही, असं बहुमताचं म्हणणं. आधीच्या दहा वर्षांत याच कार्यालयाच्या चार शिक्षा पुरावा दडवल्यामुळे रद्द झाल्या होत्या. त्यांचं काय? त्या 'सारख्या' नाहीत, कारण त्यांत रक्ताचा किंवा प्रयोगशाळेचा पुरावा नव्हता.

वर्गवारीची चाळणी इतकी बारीक केली की प्रत्येक घटना एकटीच उरते. 'पुरावा दडवला' ही वर्गवारी घेतली तर एन पाच होतो, 'रक्ताचा रिपोर्ट दडवला' घेतली तर एक. डेटा तोच. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मत लिहिलं. मला त्यांचं पटतं, पण कायद्याच्या कसोटीचा भाग बाजूला ठेवला तरी व्याख्या बदलून नमुना कसा आकसतो ते तुम्ही स्वतः मोजून बघा.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, याच कार्यालयाची १९९५ मधली आणखी एक शिक्षा त्याच न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी रद्द केली. तिथे दडवल्या होत्या त्या साक्षीदाराच्या जबाबाच्या पोलिसी नोंदी. रक्ताचा रिपोर्ट नव्हता.