काचघरातील बंबल माशी

टोमॅटोचे पिवळे फूल तुम्ही रोज पाहता. पण ते कधी उकलून पाहिले आहे काय? पाकळ्यांच्या मधोमध एक निमुळती नळी असते. पुंकेसर एकमेकांना चिकटून ती झालेली. पराग तिच्या आत, आणि बाहेर पडायला वाट काय ती टोकाशी. मिठाची बुधली हलवल्याखेरीज मीठ पडत नाही, तसे हे फूल हलल्याखेरीज पराग पडत नाही. उघड्या रानात ते काम बव्हंशी वारा करतो, म्हणून आपल्याला त्याची कधी फिकीर पडली नाही.

हॉलंड-बेल्जममध्ये मात्र टोमॅटो काचघरात होतो. तिथे वारा कुठला? फुले येत, पण फळ नीट धरत नसे. तेव्हा विजेवर थरथरणारी कांडी घेऊन माणसे ओळीओळीने फिरत आणि आठवड्यातून दोन-तीनदा एकेक घोस हलवीत. मजुरीचा केवढा हा खर्च!

मग मधमाश्या का सोडल्या नाहीत, असे कोणी विचारील. विचारावेच. एक तर टोमॅटोच्या फुलात मकरंद नाही. दुसरे, मधमाशीला फूल थरथरवता येत नाही, आणि गारठा किंवा ढगाळ हवा असली की ती पेटीबाहेर पडायला नाखूष असते.

बंबल माशीचे तसे नाही. अंगाने गुबगुबीत, केसाळ, थंड मुलखातली. ती नळीला जबड्यांनी घट्ट धरते, पंख मिटलेले ठेवून उडण्याचे स्नायू जोराने थरथरवते आणि पराग भुरुभुरु तिच्या पोटावर सांडतो. तिने धरलेल्या जागी मागाहून तपकिरी डाग पडतो. बागवान असे डाग किती फुलांवर आहेत ते पाहतो आणि माशी कामावर आहे की नाही ते ओळखतो. हजेरीपटच म्हणा ना!

1985 च्या सुमारास बेल्जममधील रोलंड डी योंगे या पशुवैद्याने हा गुण काचघरात वापरून पाहिला आणि 1987 मध्ये माश्या पैदा करणारी कंपनी काढली. आज पुठ्ठ्याच्या खोक्यात राणी, तिच्या कामकरी माश्या आणि साखरेचा पाक असे सारे बिऱ्हाड घरपोच येते. काही आठवडे काम करून ते संपते, मग नवे खोके. यातून आणखी एक गोष्ट घडली, ती मला अधिक मोलाची वाटते. खोके ठेवले की वाटेल ते विषारी औषध फवारता येईना. मग किडीवर मित्रकिडी सोडण्याकडे बागवान वळले.

पण माशी काचघरात राहिली नाही. जपानात ती खिडक्यांतून निसटून होक्काइदोच्या रानात वसली. 2006 मध्ये सरकारला तिच्यावर कायद्याने निर्बंध घालावे लागले. चिलीत ती 1997-98 मध्ये आणली. पुढे ती अँडीज पर्वत ओलांडून आर्जेंटिनात शिरली, आणि तिथली मूळची भली मोठी तांबूस बंबल माशी पुष्कळ भागांतून दिसेनाशी झाली. परक्या माशीबरोबर रोगही जातात.

आपल्याकडे पॉलीहाऊस वाढली, तशी कोणी पृच्छा करतात की ही युरोपातली माशी मागवावी काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: मागवू नये. हिमालयात आपल्याच बंबल माश्या आहेत. सोलनजवळ नौणीच्या विद्यापीठात त्यांतली एक जात पाळण्याचे प्रयोग झाले आहेत. पण त्याही थंडीच्या. आपल्या मैदानी उन्हाळ्यात त्यांचा निभाव कसा लागणार?

आणि इथे तो कारागीर नाही असे थोडेच आहे? वाळक्या लाकडात, बांबूत भोक पाडून राहणारा आपला काळा भुंगा हीच विद्या जाणतो. वांग्याच्या फुलातही पराग असाच टोकाच्या भोकातून पडतो. भुंगा घर करतो म्हणून आपण तो वासा जाळतो, आणि फुलोऱ्याच्या ऐन सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेतो. एखाद्या सकाळी पंप खाली ठेवून वांग्यात नुसते उभे राहून पाहा. उडत्या भुंग्याची जाड घूं फुलावर बसताच थांबते, आणि मग क्षणभर बारीक, चढ्या सुरातली कुर्र ऐकू येते.