दूरचा लिलाव, जवळची दक्षता

खानदेशच्या शेतकऱ्याला लिलाव नवा नाही. जळगाव, अमळनेर, चोपडा, धुळे, शिरपूर, दोंडाईचा येथील बाजार समित्यांच्या आवारात शेतमालाची बोली लागते, ती ऐकतच येथील पिढ्या मोठ्या झाल्या. परंतु हा लिलाव पूर्वी आजच्याइतका उघड नव्हता. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांच्या बोटांना स्पर्श करून भाव ठरवीत आणि मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला त्याचा पत्ता लागत नसे. ही ‘हत्ता’ पद्धत होय. ती मोडून काढण्यासाठी कायद्याची मदत घ्यावी लागली. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजार कायदा झाला. त्या कायद्याखाली सुरुवातीच्या काळात जे नियंत्रित बाजार उभे राहिले, त्यांत धुळ्याचा समावेश होतो. पुढे १९६३ च्या राज्य कायद्याने उघड लिलाव, परवानाधारक अडते व व्यापारी, अचूक वजन आणि त्याच दिवशी चुकारा या गोष्टींना बळकटी आली.

बाजार आवारातील व्यवहार तीन आधारांवर उभा असतो. माल डोळ्यांसमोर असतो, समोरचा माणूस परवान्याने बांधलेला असतो आणि वजन-मापानंतरच पैसा हात बदलतो. मोबाईलच्या पडद्यावर होणाऱ्या लिलावात हे तिन्ही आधार आपोआप मिळत नाहीत. माल दूर असतो, विक्रेता अनोळखी असतो आणि पैसे मात्र आधी मागितले जातात. फसवणूक नेमकी या तीन फटींतून आत शिरते. म्हणूनच हे आधार ग्राहकाने स्वतः पुन्हा उभे करणे, हीच ऑनलाईन लिलावातील खरी दक्षता होय.

पद्धत आणि तिचा उगम

संगणकाच्या जाळ्यावरील लिलावाला १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ई-बे’ या संकेतस्थळाने लोकप्रियता मिळवून दिली. भारतात २००० साली ‘बाझी डॉट कॉम’ सुरू झाले. ‘ई-बे’ने ते २००४ साली विकत घेतले आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ‘ई-बे इंडिया’ बंद झाले. या संकेतस्थळावर ‘पैसापे’ नावाची व्यवस्था होती. ग्राहकाचे पैसे थेट विक्रेत्याकडे न जाता मध्यस्थाकडे थांबत. संकेतस्थळ बंद झाले, तरी त्यामागील तत्त्व आजही तितकेच मोलाचे आहे. दोन अनोळखी माणसांच्या व्यवहारात पैसा मधल्या जबाबदार हाती थांबला पाहिजे.

आज ग्रामीण भागात ऑनलाईन बोलीचा संबंध मुख्यतः तीन ठिकाणी येतो. कर्ज थकल्यामुळे बँका व वित्तसंस्थांनी ताब्यात घेतलेली वाहने व मिळकती, शासकीय कार्यालये व उपक्रमांतील निरुपयोगी साहित्य, आणि व्यक्तींनी विक्रीस काढलेल्या जुन्या वस्तू. या तिन्ही प्रकारांत खरे व्यवहार मोठ्या प्रमाणावर होतात. फसविणारे त्याच विश्वासार्हतेच्या आड लपतात.

फसवणुकीची रीत

उदाहरणादाखल पारोळा किंवा साक्री तालुक्यातील एखादा शेतकरी घ्यावा. खरिपापूर्वी त्याला जुना ट्रॅक्टर हवा आहे. बाजारात चार लाखांना मिळणारा ट्रॅक्टर ‘बँकेच्या लिलावात’ दीड लाखाला असल्याची जाहिरात त्याच्या मोबाईलवर येते. संकेतस्थळावर बँकेचे बोधचिन्ह आहे, ट्रॅक्टरची छायाचित्रे आहेत, बोलीचे आकडे वर चढत आहेत. तो बोली लावतो आणि लगेच ‘आपण विजयी झालात’ असा निरोप येतो. प्रथम दहा हजार रुपये बयाणा मागितला जातो. मग वाहतुकीचा विमा, हस्तांतर शुल्क, कर आणि शेवटी ‘परत मिळणारी अनामत’ अशा मागण्या येत राहतात. प्रत्येक मागणी आधीच्या रकमेच्या मानाने लहान भासते आणि आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे पैसे भरतो. ट्रॅक्टर मात्र मुळातच नसतो.

दुसरा प्रकार ‘दुसऱ्या संधी’चा. खऱ्या लिलावात ज्याची बोली थोडक्यात हुकली, त्याला परस्पर संदेश येतो की, पहिल्या खरेदीदाराने माघार घेतली आहे, वस्तू आपणास देता येईल, मात्र पैसे संकेतस्थळाबाहेर या खात्यावर भरावेत. येथे संकेतस्थळाचे संरक्षण सुटते आणि ग्राहक एकटा पडतो.

तिसरा प्रकार बनावट बोलीचा. विक्रेताच निरनिराळ्या नावांनी बोली लावून किंमत फुगवितो. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ मध्ये याची दखल घेतलेली आहे. बोली लावण्याचा हक्क राखून ठेवल्याचे आधी जाहीर केलेले नसेल, तर विक्रेत्याने स्वतः किंवा हस्तकामार्फत बोली लावणे बेकायदेशीर ठरते आणि खरेदीदार अशी विक्री कपटाची मानू शकतो.

चौथा प्रकार विश्वासाच्या पदाचा. विक्रेता आपण सैन्यात असून बदली झाल्याने मोटारसायकल स्वस्तात काढीत आहोत, असे सांगतो आणि गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्र पाठवितो. ही कागदपत्रे चोरलेली वा बनावट असतात. वस्तू विकणाऱ्यालाही हे लोक सोडत नाहीत. ‘पैसे पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगून त्याचेच खाते रिकामे केले जाते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही, ही एक गोष्ट घरोघरी माहीत झाली, तरी अनेक फसवणुकी टळतील.

बोलीपूर्वीची तपासणी

पहिला आधार मालाचा. वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मोठ्या रकमेची बोली लावू नये. खऱ्या लिलावात पाहणीसाठी जागा व वेळ दिलेली असते. पाहणीस नकार मिळणे हीच धोक्याची सूचना समजावी. वाहन असल्यास त्याचा नोंदणी क्रमांक केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’वर तपासावा. धुळ्याचा क्रमांक एमएच १८ ने आणि जळगावचा एमएच १९ ने सुरू होतो, हे सर्वांना ठाऊक असते. तथापि कर्जाचा बोजा आहे किंवा नाही, विमा व योग्यता प्रमाणपत्र चालू आहे किंवा नाही, हे नोंदीवरूनच कळते. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० आणि बोजा उतरविण्यासाठी नमुना ३५ आवश्यक असतो. ही कागदपत्रे मिळण्याची खात्री नसेल, तर स्वस्त वाहन अखेरीस महाग पडते.

दुसरा आधार माणसाचा, म्हणजेच विक्री करणाऱ्या संस्थेचा. जाहिरातीतील दुव्यावरून संकेतस्थळावर जाऊ नये, पत्ता स्वतः टंकित करावा. शासकीय संकेतस्थळांचा पत्ता सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यावीत, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने दिला होता. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या लिलावातील मिळकती ३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘बँकनेट’ संकेतस्थळावर पाहता येतात. सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र साधा आहे. ज्या बँकेचे नाव सांगितले जात आहे, तिच्या जवळच्या शाखेत जाऊन चौकशी करावी.

मिळकतीच्या लिलावास कायद्याची निश्चित चौकट आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील नियमांप्रमाणे स्थावर मिळकतीच्या पहिल्या विक्रीपूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि जाहीर लिलावाची सूचना दोन वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावी लागते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. यशस्वी बोलीदाराने बयाण्यासह २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी भरावयाची असते. उरलेल्या रकमेसाठी विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांची किंवा वाढवून दिलेली मुदत असते. ‘आज रात्री बारापर्यंत पूर्ण रक्कम भरा’ असा तगादा या चौकटीत बसत नाही.

‘जसे आहे, जेथे आहे’ ही अटही नीट समजून घ्यावी. तिचा अर्थ असा की, दोष शोधण्याची जबाबदारी खरेदीदाराची. जाहीर लिलावात अशा अटीवर भूखंड घेणारी व्यक्ती ग्राहक कायद्यातील ‘ग्राहक’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली चंदीगडच्या भूखंडांविषयीच्या प्रकरणात दिला. म्हणून सात-बारा, मिळकत पत्रिका, थकीत कर आणि प्रत्यक्ष ताबा यांची तपासणी बोलीनंतर नव्हे, आधी व्हावी.

तिसरा आधार पैशाचा. रक्कम लिलावाच्या अधिकृत खात्यातच भरावी. व्यक्तीच्या नावाचे खाते किंवा मोबाईल क्रमांकावरील यूपीआय दिल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. बोलीची कमाल मर्यादा आधी कागदावर लिहून ठेवावी, कारण चुरशीत माणूस वस्तूची किंमत विसरतो आणि केवळ जिंकण्यासाठी बोलत राहतो. जाहिरात, संभाषण, पावत्या व संदेश जपून ठेवावेत. वस्तू घरपोच आल्यास पार्सल उघडताना चित्रफीत घ्यावी.

फसवणूक झाल्यास

फसविलेली रक्कम अल्पावधीत अनेक खात्यांतून फिरविली जाते. यास्तव पहिला तास अतिशय महत्त्वाचा असतो. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवावा. तक्रार येताच संबंधित बँकांना सूचना जाते आणि रक्कम खात्यात शिल्लक असल्यास ती रोखता येते. रोखलेली रक्कम पुढे विहित कार्यपद्धतीने, आवश्यक तेथे न्यायालयाच्या आदेशाने, परत मिळविता येते.

त्याच वेळी आपल्या बँकेसही कळवावे. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा पासवर्ड दिला असेल, तर बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. त्यानंतर पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्यावी. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता माहिती नोंदविण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फसवून मालमत्ता देण्यास प्रवृत्त केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

विक्रेता खरा, पण वस्तू सदोष किंवा वेगळीच निघाली, तर मार्ग वेगळा आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची आणि एक महिन्यात निवारण करावयाचे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्याने दाद न लागल्यास, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी जळगावच्या ग्राहकास जळगावात आणि धुळ्याच्या ग्राहकास धुळ्यात तक्रार करता येते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. ‘ई-जागृती’वर घरबसल्याही तक्रार दाखल होते.

गावाची जबाबदारी

फसलेला माणूस बहुधा गप्प बसतो. शिकलेला असेल तर अधिकच. लोक हसतील, घरचे रागावतील या भीतीने एक दिवस जातो, दोन दिवस जातात आणि तोवर पैसे हाती लागण्यापलीकडे गेलेले असतात. ही लाज फसविणाऱ्याच्या उपयोगी पडते. येथे शिक्षक, पंचायत सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांचे काम सुरू होते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत या विषयाला दहा मिनिटे देता येतील. १९३० हा क्रमांक शाळेच्या, पंचायतीच्या आणि विविध कार्यकारी सोसायटीच्या फलकावर ठळक लिहिता येईल. शाळेतील मुले हाच निरोप घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत नेऊ शकतात. मोठ्या खरेदीपूर्वी गावातील जाणत्या माणसास कागद दाखविण्याची आपली जुनी रीत मोबाईलच्या व्यवहारासही लागू करता येईल. आणि कोणी फसलाच, तर त्याला बोल न लावता प्रथम दूरध्वनीपाशी नेले पाहिजे.

रुमालाखालचा भाव उघड्यावर आणण्यास कायदा लागला, तसाच आपला हक्क ओळखणारा शेतकरीही लागला. पडद्याआडच्या लिलावातही माल पाहणे, माणूस ओळखणे आणि पैसा योग्य हाती देणे हे तीन नियम पाळले, तर या नव्या बाजाराचा लाभ खानदेशातील ग्राहकास निर्धास्तपणे घेता येईल.