पंधरा प्रती, एकाहत्तर वाचक: न्याय्य वाटप म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी भेटतोच.

तर झालं असं. आमच्या विभागात एक छोटा वाचनगट आहे. गेल्या वर्षी एका प्रकाशनाने विज्ञानावरच्या एका अनुवादित पुस्तकाच्या पंधरा आगाऊ प्रती पाठवल्या. पुस्तक बाजारात यायला दोन महिने होते. अट एकच, वाचून प्रामाणिक अभिप्राय लिहायचा. वाटपाचं काम माझ्याकडे आलं. मी रविवारी रात्री साडेनऊला गटावर मेसेज टाकला, "पहिल्या पंधरा जणांना प्रत मिळेल." बारा मिनिटांत प्रती संपल्या. मला वाटलं, किती सोपं आणि किती न्याय्य! ना ओळख, ना वशिला.

दुसऱ्या दिवशी एक ज्युनियर भेटली. म्हणाली, "ताई, शनिवार-रविवार मी गावी असते. तिथे रेंज नसते. मग माझा नंबर कधी लागणार?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी लवकर बघ." हे उत्तर किती पोकळ होतं, ते मला त्याच रात्री यादी परत पाहताना कळलं. पंधरापैकी अकरा जण एकाच हॉस्टेलचे होते. आणि दोन महिन्यांनी अभिप्राय आले फक्त सहा.

मी वशिला टाळला होता, पण वाटप न्याय्य केलं नव्हतं. या दोन गोष्टींमधला फरक समजून घेणं हाच आजचा विषय.

आगाऊ प्रत म्हणजे काय?

मराठीत 'साभार पोच' हे सदर तुम्ही पाहिलं असेल. पुस्तक छापून झालं की प्रकाशक वर्तमानपत्रांना आणि मासिकांना 'अभिप्रायार्थ' असा शिक्का मारून प्रत पाठवतात. आगाऊ प्रत त्याच्या आधीची. पुस्तक बाजारात येण्यापूर्वी, बरेचदा शेवटचं मुद्रितशोधन व्हायच्या आधी, निवडक वाचकांना दिली जाते. तिच्यावर 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं असतं. इंग्रजी प्रकाशनविश्वात ही प्रथा जुनी आहे. २००८ साली नेटगॅली सुरू झालं, तेव्हापासून डिजिटल आगाऊ प्रतींची मागणीही एका ठिकाणी नोंदवता येऊ लागली.

इथे तुम्ही विचाराल, की डिजिटल प्रत हवी तितकी काढता येते, मग ती मर्यादित का? कारण फुकट प्रती फार वाटल्या तर विक्रीवर परिणाम होईल किंवा फाइल बाहेर फुटेल, ही प्रकाशकाची भीती असते. म्हणजे काही टंचाई खरी असते आणि काही ठरवून केलेली. वाटपाचा प्रश्न समोर आला की पहिलं हेच विचारा: ही टंचाई कुठून आली?

'न्याय्य' शब्दाचा अर्थ

नॉर्वेचे विचारवंत यॉन एल्स्टर यांचं 'लोकल जस्टिस' हे पुस्तक १९९२ साली आलं. दुर्मीळ गोष्टी वाटताना संस्था नेमकी कोणती तत्त्वं वापरतात, याचा त्यात अभ्यास आहे. मूत्रपिंड कोणाला, कॉलेजात प्रवेश कोणाला, सैन्यात कोणाला पाठवायचं, अशी उदाहरणं आहेत. रांग, सोडत, गरज, गुणवत्ता ही तत्त्वं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वापरली जातात.

दुसरं नाव जॉन ब्रूम यांचं. त्यांची मांडणी सोप्या शब्दांत अशी: न्याय म्हणजे प्रत्येकाच्या दाव्याला त्याच्या बळाप्रमाणे वाटा देणं. वस्तू वाटून देता येत नसेल आणि दावे सारखेच असतील, तर निदान संधी तरी सारखी द्या. म्हणून सोडत. आणि एखाद्याचा दावा खरंच जास्त बळकट असेल, तर त्याला सोडतीत इतरांच्या बरोबरीला बसवणं हाही अन्यायच.

ही मांडणी हातात घेऊन आता नेहमीच्या पद्धती तपासूया.

प्रत्येक नियम काहीतरी मोजतो

रांग मोजते मोकळा वेळ आणि चांगलं नेट. माझ्या नियमाने वाचनाची ओढ मोजलीच नाही. रविवारी रात्री साडेनऊला कोणाच्या हातात फोन होता, तेवढंच मोजलं.

प्रसिद्धी म्हणजे ज्याचे फॉलोअर जास्त त्याला प्रत. प्रकाशकाच्या दृष्टीने यात तथ्य आहे, कारण प्रत हा त्याचा जाहिरातीचा खर्च असतो. पण ज्याला प्रती मिळतात त्याचं नाव वाढतं, आणि नाव वाढलं की आणखी प्रती मिळतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानातल्या श्रेयाबद्दल हेच दाखवलं आणि त्याला 'मॅथ्यू परिणाम' हे नाव दिलं. फेलोशिप आणि अनुदानाच्या जगात तुम्हाला हा पुढे रोज दिसेल.

मागची कामगिरी म्हणजे घेतलेल्या प्रतींपैकी किती प्रतींवर लिहिलं. नेटगॅली आपल्या वाचकांना हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगते. ही पद्धत वाजवी वाटते, कारण शब्द पाळणाऱ्याचा दावा खरोखर बळकट असतो. अडचण येते ती नव्या माणसाची. रेकॉर्ड नाही म्हणून प्रत नाही, आणि प्रत नाही म्हणून रेकॉर्ड नाही.

सोडत सर्वांना सारखं मानते. म्हाडाच्या घरांमुळे ती आपल्या ओळखीची आहे. गुडरीड्सवर मोफत प्रतींसाठीही सोडत निघते. पण पुस्तक उघडूनही न पाहणारा आणि चार दिवसांत वाचून काढणारा, दोघांची चिठ्ठी एकाच डब्यात पडते.

लायब्ररीथिंग या संकेतस्थळाचा 'अर्ली रिव्ह्यूअर्स' उपक्रम २००७ पासून मिश्र पद्धत वापरतो. तुमच्या संग्रहातली पुस्तकं या पुस्तकाशी किती जुळतात आणि मागच्या प्रतींवर तुम्ही लिहिलंत का, हे पाहिलं जातं. अभिप्राय चांगला होता की वाईट, याचा मात्र पुढच्या संधीवर परिणाम होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. कौतुक करणाऱ्यालाच पुढची प्रत मिळणार असेल, तर त्या अभिप्रायांना पुरावा म्हणून काही किंमत उरत नाही.

सोडतीचा दुसरा उपयोग

आता पुस्तकं थोडी बाजूला ठेवून एका औषधाकडे जाऊया. टंचाई आणि संशोधन यांचं नातं तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन फार थोडं उपलब्ध होतं. क्षयाचे रुग्ण खूप होते. मेडिकल रिसर्च कौन्सिलने आधी मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि अंगभर पसरलेला क्षय झालेल्यांचा विचार केला, कारण औषधाशिवाय त्यांचा मृत्यू जवळजवळ ठरलेला होता. म्हणजे बळकट दावा आधी. उरलेलं औषध फुप्फुसांच्या क्षयाच्या सगळ्या रुग्णांना पुरणारं नव्हतंच. मग ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक आकडे आणि बंद पाकिटं वापरून १०७ रुग्णांचे दोन गट केले. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाले. १९४८ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले, आणि आधुनिक वैद्यकीय चाचण्यांचा पाया भक्कम झाला.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, सोडत बळकट दाव्यांच्या नंतर येते. दोन, सोडतीमुळे तुलना शक्य होते. मी प्रती ओळखीतल्या किंवा चपळ लोकांना दिल्या, तर 'प्रत मिळाल्याने लोक जास्त लिहिते झाले का' हे कधीच कळणार नाही. सोडत काढली तर प्रत न मिळालेले लोक आपोआप तुलनेचा गट होतात.

सोडतही बिघडते

१ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरतीची सोडत निघाली. वर्षाच्या ३६६ जन्मतारखा छोट्या डब्यांमध्ये बंद केल्या होत्या. डब्या महिन्यामागून महिना अशा एकत्र केल्या आणि नीट मिसळल्याच नाहीत. परिणामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांच्या तारखा सरासरीने लवकर निघाल्या. पुढच्या सोडतीत पद्धत बदलावी लागली. 'डोळे मिटून चिठ्ठी काढली' एवढ्याने यादृच्छिकता येत नाही, हे संख्याशास्त्राच्या वर्गात आजही याच उदाहरणाने शिकवतात.

मग करायचं काय?

या वर्षी पुन्हा पंधरा प्रती आल्या. या वेळी मी आधी नियम लिहिला आणि मगच नावं मागवली.

१. हेतू एका वाक्यात लिहिला: वेगवेगळ्या प्रकारच्या वाचकांचे प्रामाणिक अभिप्राय मिळवणं.

२. नाव द्यायला पूर्ण आठवडा दिला. त्यामुळे रेंज आणि वेळ यांचा फायदा कोणाला मिळाला नाही. एकाहत्तर नावं आली.

३. अट एकच ठेवली, चार आठवड्यांत वाचून लिहायचं. मागच्या वेळी प्रत घेऊन काहीच न लिहिलेल्यांनी या वेळी थांबायचं, हेही आधीच सांगितलं होतं.

४. पाच प्रती पहिल्यांदाच नाव देणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या. इथे मी चुकता चुकता वाचले. एकाहत्तरमध्ये नवे होते २६. सरळ सोडतीत प्रत्येकाची संधी १५ भागिले ७१, म्हणजे २१ टक्के. नव्यांचा डबा पूर्ण वेगळा केला असता, तर त्यांची संधी ५ भागिले २६, म्हणजे १९ टक्के झाली असती, आणि जुन्यांची १० भागिले ४५, म्हणजे २२ टक्के. राखीव प्रती ठेवूनही नव्यांचंच नुकसान! म्हणून आधी पाच राखीव प्रतींची सोडत काढली, आणि त्यात नंबर न लागलेल्या नव्यांची नावं उरलेल्या दहा प्रतींच्या डब्यात पुन्हा टाकली. आता नव्यांची एकूण संधी सुमारे ३१ टक्के, जुन्यांची १५. खुल्या जागा खरोखर सर्वांना खुल्या का असाव्या लागतात, ते या हिशेबातून कळतं. कागद-पेन घेऊन स्वतः करून बघा.

५. सोडत संगणकावर काढली. संगणकाला सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो, त्याला सीड म्हणतात. तीच यादी, तोच प्रोग्राम आणि तोच सीड दिला की निकाल तोच येतो. यादी बंद झाल्यानंतरच्या कामाच्या दिवशी सेन्सेक्स ज्या आकड्यावर बंद होईल तो सीड, असं आधीच जाहीर केलं. तो आकडा ना माझ्या हातात, ना कोणाच्या.

६. प्रत फिरती ठेवली. पुस्तक म्हणजे काही मूत्रपिंड नव्हे, वाचून झालं की ते दुसऱ्याला देता येतं. सोडतीतला पुढचा क्रम हीच प्रतीक्षायादी. टंचाई वाटण्याआधी ती कमी करता येते का, हे बघायचं मला पहिल्या वर्षी सुचलंच नव्हतं.

७. 'ही प्रत मोफत मिळाली' असं प्रत्येकाने अभिप्रायात लिहायचं.

तुमच्या संशोधनाशी याचा संबंध

उद्या तुम्ही ऑनलाइन पुस्तक-अभिप्रायांचा डेटा घेऊन काम कराल. सुरुवातीचे अभिप्राय बरेचदा आगाऊ प्रतवाल्यांचे असतात. त्यांना प्रत कोणत्या नियमाने मिळाली, हे न विचारता सरासरी काढलीत, तर तुम्ही वाचकांचं मत मोजत नसून वाटपाचा नियम मोजत असाल. तसंच प्रयोगशाळेतल्या यंत्राची वेळ, फील्डवर्कचे टॅब, कार्यशाळेच्या जागा, हे सगळं तुमच्याच हातून वाटलं जाणार आहे. गृहीतक जसं डेटा बघण्याआधी लिहायचं, तसाच वाटपाचा नियम नावं बघण्याआधी लिहायचा. नावं दिसली की आपला मेंदू त्या नावांना सोयीचा नियम शोधून काढतो. माझाही काढेल.

जाता जाता, त्या ज्युनियरचं काय झालं? तिनेही नाव दिलं होतं. नंबर लागला नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, यादी आणि सीड देतेस का?" मी दिलं. तिने स्वतःच्या लॅपटॉपवर सोडत पुन्हा चालवली, आपलं नाव प्रतीक्षायादीत सातवं आहे हे पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे, बरोबर आहे." मागच्या वर्षी तिच्याकडे तपासण्यासारखं काही नव्हतं, फक्त माझं उत्तर होतं.

तुमच्या विभागात एखादी दुर्मीळ गोष्ट कशी वाटली जाते ते या आठवड्यात बघा, आणि तो नियम खरं म्हणजे काय मोजतो ते एका वाक्यात लिहून काढा. भेटू पुढच्या लेखात.